मासा मेला कशाने, हे कोण विचारणार?

ठाण्याच्या खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नाही, ही तक्रार चेंदणीपासून दिवाळ्यापर्यंतच्या कोळीवाड्यांत ऐकू येते आणि तिच्यावरचा वादही आता ठरीव साच्याचा झाला आहे. एक बाजू म्हणते, सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी थांबवा, मासे आपोआप परततील. दुसरी म्हणते, ते कधी थांबेल याची वाट पाहण्यात एक पिढी जाईल. त्यापेक्षा जिताड्याचे आणि कोळंबीचे बीज सोडा, दोन-चार हंगाम जाळी आवरा, म्हणजे खाडी पुन्हा भरेल. या दोन बाजू एकमेकींवर कितीही तुटून पडल्या तरी त्यांच्यात एक न बोललेले एकमत आहे: खाडी म्हणजे हौद आणि मासळी म्हणजे त्यातले पाणी, गळती बुजवली किंवा नळ सोडला की पातळी चढणारच. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. मासळी हा सजीवांचा समूह आहे आणि सजीवांच्या समूहात रोग फिरतात. घटलेली मासळी सावरणार की नाही, किती वेगाने सावरणार आणि सावरल्यावर टिकणार की नाही, हे ठरवण्यात रोगाचा वाटा कधी कधी प्रदूषण आणि मासेमारी यांच्या बरोबरीचा असतो. तो हिशेबात न धरता खाडीसाठी आखलेली कोणतीही योजना अंदाजावरच चालेल, आणि तिच्यातली पहिली दुरुस्ती मेलेल्या माशांच्या तपासणीपासून सुरू व्हायला हवी.

हा आग्रह मला वाचनातून सुचलेला नाही. ऐरोलीकडच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी, पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर, कधी कधी ओहोटीच्या चिखलात मेलेली बोय पडलेली दिसते. घारी आणि कावळे आपापला वाटा उचलतात, पुढची भरती उरलेले घेऊन जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काही घडले होते याची खूणही राहत नाही. एका वर्षी मी संबंधित कचेरीत जाऊन चौकशी केली. पाण्याचा नमुना घेतला होता, प्राणवायू कमी भरला, असे उत्तर मिळाले. माशाचा नमुना घेतला का, असे विचारल्यावर समोरचे गृहस्थ थोडे थांबले आणि म्हणाले, ‘मासा तर मेलेलाच होता, त्याचे काय तपासणार?’ त्या उत्तरात बेफिकिरी नव्हती. आपल्या सगळ्यांची विचार करण्याची जी सवय आहे तीच त्यात उतरली होती. रस्त्यावर माणूस मरून पडला तर नुसत्या रस्त्याचा पंचनामा करून कोणी प्रकरण मिटवत नाही. खाडीच्या बाबतीत मात्र आपण तेवढ्यावर समाधान मानतो.

प्राणवायू कमी भरला हे उत्तर खोटे नसते, ते अर्धे असते. पहिल्या पावसात गटारांत महिनोन्‌महिने साचलेला गाळ खाडीत लोटला जातो, कुजताना तो पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो, आणि ठाण्याकडच्या अरुंद, उथळ टोकाशी पाण्याची अदलाबदल मंद असल्याने ती तूट लवकर भरून निघत नाही. अशा पाण्यात मासा दोन तऱ्हांनी मरतो. एक तर तो काही तासांत गुदमरतो, आणि तेव्हा अनेक जातींचे मासे एकदमच मरतात. किंवा तो त्या दिवशी वाचतो. पण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि कल्ल्यांचे नाजूक आवरण दुखावलेले असते, प्रतिकारशक्ती खालावलेली असते, आणि एरवी त्याच पाण्यात त्याच्यासोबत निमूट राहणारे एरोमोनास किंवा व्हिब्रिओसारखे जिवाणू त्याला पुढच्या काही दिवसांत गाठतात. हे दुसरे मरण रेंगाळते, एखाद्या जातीला अधिक लागते, आणि त्यातले बहुतेक मासे किनाऱ्याला लागतच नाहीत. पाण्याच्या नमुन्यावरून या दोन मरणांत फरक करता येईल का?

फरक करणे महत्त्वाचे का आहे, याचे एक उदाहरण बोयच्याच बाबतीतले आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या खाड्यांमध्ये बोयच्या अंगावर तांबडे चट्टे पडून खोल व्रण होत. शोधाअंती असे दिसले की मोठ्या पावसानंतर पाण्याचा खारटपणा उतरला की अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाचा बुरशीसारखा जीव माशाच्या कातडीत शिरतो, आणि त्याला वाट मोकळी करून देते ते किनाऱ्यालगतच्या उपसलेल्या जमिनीतून येणारे आम्लयुक्त पाणी. कांदळवनाच्या चिखलात लोह आणि गंधकाची संयुगे असतात; तो चिखल पाण्याखाली आहे तोवर ती निरुपद्रवी राहतात, पण बांध घालून किंवा चर खणून तो कोरडा केला की हवेशी संयोग होऊन त्यांचे गंधकाम्ल बनते आणि पुढच्या पावसात ते खाडीत उतरते. म्हणजे तिथे रोग बुरशीचा होता, निमित्त पावसाचे होते आणि कारण जमीन उपसण्याचे. खाजणे भरून आणि उपसून ज्यांनी शहरे उभारली त्या ठाणे-नवी मुंबईकरांना ही साखळी अनोळखी वाटायचे कारण नाही. तिचा शोध मात्र पाण्याची बाटली भरून लागला नव्हता. माशाचा व्रण कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागला होता.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे सावरण्याकडे. अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या उपसागरात २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डीझ या जहाजातून सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले. तिथली हेरिंग ही मासळी म्हणजे त्या किनाऱ्याच्या अर्थकारणाचा एक खांब. तेल सांडल्यानंतरची तीन-चार वर्षे तिचा साठा मोठाच दिसत होता, आणि मग १९९३ मध्ये अंडी घालायला अपेक्षेच्या एका अंशानेच मासे आले. जे आले त्यांतल्या अनेकांच्या अंगावर रक्ताळलेले व्रण होते आणि त्यांच्यात एक विषाणू सापडला. मासेमारी बंद झाली, १९९७-९८ च्या सुमारास थोडी उघडली, १९९९ पासून पुन्हा बंद झाली. तेलाने घात केला, रोगाने केला, की अन्नाच्या तुटवड्याने, यावर तिथले शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला त्या भांडणापेक्षा पुढची गोष्ट अधिक बोलकी वाटते. तेल उतरले, जाळी थांबली, आणि तरीही दशकानुदशके तो साठा जुन्या पातळीला आला नाही. हौदाच्या हिशेबाने पाहिले तर गळतीही बंद होती आणि उपसाही. मग पातळी का चढू नये?

उत्तराचा एक भाग रोगाच्या रीतीत आहे. तो विषाणू लहान माशांना मारतो. जे वाचतात त्यांना प्रतिकारशक्ती येते आणि ती पुष्कळ काळ टिकते. साठा मोठा आणि अनेक वयांचा असला की त्यात अशा अनुभवी माशांची संख्या पुरेशी असते आणि साथ पसरायला वाव मिळत नाही. साठा एकदा कोसळला की हे संरक्षण जाते. मग एखाद्या चांगल्या वर्षी भरपूर पिल्ले जगली, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, तरी ती सगळी एकाच वयाची आणि रोगाला नवखी असतात, वैशाखातल्या गवतासारखी. त्याच साठ्यात इक्थिओफोनस नावाचा दुसरा परजीवी आहे, त्याची लागण माशाच्या वयाबरोबर वाढत जाते आणि तो मोठ्या माशांना पोखरतो. एकाने वारस खायचे आणि दुसऱ्याने वडीलधारे, अशा घरात संख्या वाढणार कशी? हाच इक्थिओफोनस १९५४ ते १९५६ या काळात कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात पसरला तेव्हा तिथली निम्म्याच्या आसपास प्रौढ हेरिंग मेली, असा अंदाज त्या वेळच्या अभ्यासकांनी बांधला होता. तिथे तेलही सांडले नव्हते.

‘सावरली’ म्हणून जाहीर झालेल्या मासळीची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात पट्टेदार बास हा मासा अतिमासेमारीने इतका घटला की मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षे त्याच्यावर पूर्ण बंदी घातली. बंदी यशस्वी झाली. १९९५ मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले, आणि बंदीचा आग्रह धरणाऱ्यांसाठी आजही ते ठेवणीतले उदाहरण आहे. पण दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, याच माशांच्या अंगावर व्रण आणि प्लीहेत गाठी दिसू लागल्या. क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या जिवाणूंचा तो हळू चालणारा, वर्षानुवर्षे माशाला झिजवणारा आजार होता, आणि पुढच्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक माशांत त्याची लागण आढळली. एक स्पष्टीकरण असे दिले गेले की उन्हाळ्यात या माशाला खालचे थंड पाणी हवे असते, पण सांडपाणी आणि खतांमुळे खालच्या थरात प्राणवायू उरत नाही. मग वाढलेली मासळी मधल्या अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने कोंडली जाते, तिला खाणेही पुरत नाही. आपल्या खाडीत ओहोटीला पाणी उतरल्यावर सगळी मासळी मधल्या चिंचोळ्या प्रवाहात कशी गोळा होते, हे पाग टाकणाऱ्याला सांगावे लागत नाही. पाणी न सुधारता तिथे आणखी मासे वाढवले तर ती दाटी कोणाच्या पथ्यावर पडेल?

इथे विरुद्ध बाजूचा एक मार्मिक मुद्दा मान्य करावा लागतो. मासे विरळ झाले की एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे परजीवीही विरळ होतात, त्यामुळे मासेमारी ही नकळत रोगनियंत्रणही करते, असे काही शास्त्रज्ञ दाखवतात, आणि एकाच जातीवर जगणाऱ्या परजीवींच्या बाबतीत ते बरोबरही आहे. परंतु ज्या रोगजंतूला अनेक जातींत राहता येते, किंवा जो पाण्यात आणि गाळात तग धरतो, त्याला एका जातीची विरळता अडवत नाही. बोय कमी झाली तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर मुक्काम करतो. शिवाय हा मुद्दा जितका खरा, तितकाच तो सांगतो की मासळी वाढू लागली की रोगही परतणार. सावरण्याच्या योजनेत रोगाला जागा हवी, याचा हा पुरावाच झाला.

यापेक्षा जड आक्षेप गिधाडांचा आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली तेव्हा अनेक जाणकारांना हा एखाद्या विषाणूचा रोग असावा असे वाटले होते. २००४ मध्ये सिद्ध झाले की मारेकरी डायक्लोफिनॅक हे गुरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध होते. ते दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रोगाचा संशय घेण्यात मोलाची वर्षे गेली, तेवढ्यात लाखो पक्षी गेले, आणि माणसाने पसरवलेले विष मोकळे राहिले. मग खाडीच्या बाबतीत पुन्हा तीच चूक करायची का? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्या विषाचा छडा लागला कसा, तेही पाहावे. मेलेली गिधाडे उघडली गेली, त्यांच्या आतड्यांवर आणि मूत्रपिंडांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसला, आणि विषाणू शोधूनही सापडला नाही तेव्हा तपासाची दिशा औषधांकडे वळली. शवविच्छेदनाने रोगाचा संशय खोडून काढला. जे रोगाची भाषा प्रदूषकांना सोयीची म्हणून नाकारतात त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की मेलेल्या माशाच्या तपासणीत जड धातू, अमोनियाने जळलेले कल्ले किंवा कीटकनाशक सापडले, तर कारखान्याविरुद्ध त्याहून भक्कम साक्ष दुसरी मिळणार नाही. प्रदूषकाला तपासणी नकोच असते; त्याला ‘पावसाने मेले असतील’ हे मोघम वाक्य हवे असते.

घाण की जंतू, हा वाद मुंबईने एकदा फार मोठी किंमत देऊन घातला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला तेव्हा रोग घाणीतून आणि दूषित हवेतून उपजतो, ही समजूत प्रबळ होती. त्या समजुतीला धरून गटारे कार्बोलिक आणि समुद्राच्या पाण्याने धुऊन काढली गेली, घरे रिकामी केली गेली, छपरे उघडली गेली. साथ हटली नाही. जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ मध्येच सापडला होता, आणि उंदीर-पिसवांचा संबंध सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये मांडला, तरी तो पटायला आणखी वर्षे गेली. याचा अर्थ घाण गौण होती असा मुळीच नाही. कोंदट चाळी आणि धान्याची गोदामे नसती तर उंदरांना आसरा मिळाला नसता. पण घाण साफ करणे आणि साथ रोखणे ही दोन कामे होती. एक केले की दुसरे आपोआप होते, या समजुतीने दोन्ही बिघडली. खाडीवरच्या आजच्या चर्चेत मला तीच समजूत पुन्हा बोलताना दिसते. सांडपाण्याचा लोट थांबला की प्राणवायू काही आठवड्यांत सुधारेल. एकदा शिरलेला परजीवी मात्र आपली संख्या स्वतःच वाढवतो, प्रवाहाविरुद्ध जातो, आणि जिथे घाण कधी पोहोचलीच नव्हती तिथल्या स्वच्छ पाण्यातही पोहोचतो.

यावर कोणी म्हणेल, समजा रोगच आहे; पण खाडीतल्या माशाला लस टोचणार का? जे आवरता येत नाही ते मोजून काय साधणार? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद बुळकांडीच्या इतिहासापुढे टिकत नाही. गुरांच्या या रोगाने आपल्याकडे इतका कहर केला होता की त्याच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन झाली, जी नंतर मुक्तेश्वरला हलली. हाच रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत गेला आणि पाळीव गुरांमधून सेरेंगेटीतल्या वाइल्डबीस्ट या रानटी प्राण्यांत ठाण मांडून बसला. त्या प्राण्यांना कोणी लस टोचली नाही. आजूबाजूच्या गुरांना टोचली, आणि १९६१ च्या सुमारास अडीच लाख असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. इतकी वर्षे त्यांची संख्या गवत, पाणी किंवा सिंह यांनी रोखली आहे असे वाटत होते; ती एका विषाणूने रोखली होती, हे विषाणू गेल्यावर कळले. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. रानातला रोग आवरायचा तर तो पाळीव जनावरांतून रानात कुठे शिरतो ते दार शोधून बंद करावे लागते, आणि माशांच्या बाबतीत ती दारे आपणच उघडी ठेवली आहेत.

मासेमारीच्या व्यवस्थापनातही रोग कळल्याने फरक पडतो, हे दक्षिण ऑस्ट्रेलियाने दाखवले. तिथल्या सार्डिनवर, म्हणजे आपल्या तारलीच्या नातेवाइकावर, १९९५ आणि १९९८ मध्ये दोनदा हर्पिस जातीच्या विषाणूची साथ आली. पहिली साथ दिवसाला सुमारे तीस किलोमीटर या वेगाने, प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्धही, हजारो किलोमीटर किनाऱ्यावर पसरली. दुसऱ्या साथीत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अंडी घालणाऱ्या साठ्याचा सुमारे सत्तर टक्के भाग गेला. मेले ते मुख्यतः प्रौढ मासे, लहान वाचले. काय मेले आणि किती मेले हे वेळेत कळले म्हणून मासेमारीचा कोटा ताबडतोब खाली आणला गेला, वाचलेल्या लहानांना मोठे व्हायला वेळ मिळाला, आणि काही वर्षांतच तो साठा सावरून वजनाच्या हिशेबाने देशातली सर्वांत मोठी मासेमारी त्यावर उभी राहिली. अलास्का आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात हवामान, जात, विषाणू असे सगळेच वेगळे आहे आणि तुलना ताणू नये. तरीही रोगाने मेलेली मासळी आणि जाळ्यात आलेली मासळी यांची बेरीज एकाच खात्यातून वजा होते, एवढे त्यातून दिसतेच. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही बंदी दरवर्षी तारखेने येते आणि तारखेने जाते. खाडीत त्या वर्षी काय मेले, याच्याशी तिचा संबंध नसतो.

आता त्या उघड्या दारांविषयी, कारण बीज सोडण्याच्या आग्रहाला माझा खरा विरोध इथे आहे. १९७५ मध्ये नॉर्वेत बाल्टिक भागातून आणलेल्या साल्मनच्या पिल्लांबरोबर जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नावाचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा परजीवी आला. बाल्टिकच्या माशांना तो सवयीचा होता, नॉर्वेच्या माशांना नव्हता. सुमारे पन्नास नद्यांत तो पोहोचला आणि बऱ्याच नद्यांतली साल्मनची पिल्ले जवळजवळ संपली. अखेर नद्यांमध्ये रोटेनोन हे विष ओतून सगळे मासे मारायचे, परजीवीला यजमानच उरू द्यायचा नाही, आणि जपून ठेवलेल्या मूळ वाणाची पिल्ले पुन्हा सोडायची, असा अघोरी उपाय तिथल्या सरकारला करावा लागला. त्यात दशके गेली. हे सगळे कशासाठी? मासे वाढावेत म्हणून आणलेल्या माशांसाठी.

आपल्याकडची उदाहरणे यापेक्षा कमी बोलकी नाहीत. वर उल्लेखलेला अफॅनोमायसिस १९८८ मध्ये बांगलादेशाकडून ईशान्य भारतात शिरला आणि काही वर्षांत देशभर पसरला. मरळीसारखे रानातले मासे व्रणांनी सडून मेले. तिलापिया, ज्याला आपण चिलापी म्हणतो, १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता नद्या, तलाव, निमखारे पाणी असे कुठेही आढळतो. त्याला होणारा एक विषाणू इस्रायलमध्ये २०१४ मध्ये ओळखला गेला आणि पुढच्या काही वर्षांतच भारतातही नोंदला गेला. जिताड्याच्या पिल्लांना मज्जासंस्थेचा एक विषाणुजन्य रोग होतो, ज्याने उबवणी केंद्रातली सगळी तुकडी जाऊ शकते; वाचलेली पिल्ले धडधाकट दिसली तरी विषाणू बाळगू शकतात. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या किनाऱ्यावरची शेती झोडपली आणि तो विषाणू चिंबोऱ्यांच्या अंगात आजाराचे लक्षण न दाखवता राहतो. अशा स्थितीत बीज सोडण्याच्या कार्यक्रमाला किती बोटुकली सोडली हा आकडा छापायला मिळतो, पण ती कुठून आली आणि कोणत्या रोगासाठी तपासली, हे विचारायची रीत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून केंद्राच्या योजनेतून नद्यांमध्ये मत्स्यबीज सोडण्याचा मोठा कार्यक्रम चालू आहे. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण खाडीत असा प्रयोग करायचा असेल तर प्रत्येक तुकडीच्या तपासणीचा दाखला ही पहिली अट हवी. हीच गोष्ट ठाण्याच्या तलावांत डासांसाठी सोडल्या जाणाऱ्या गप्पींची, घरातली काचपेटी आवरताना तलावात ‘मुक्त’ केल्या जाणाऱ्या शोभेच्या माशांची आणि पुण्य म्हणून सोडल्या जाणाऱ्या मांगुरांची. तलाव पावसात भरून वाहतात, आणि ते पाणी शेवटी खाडीलाच मिळते.

जाता जाता रोहित पक्ष्यांविषयी. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि हजारो गुलाबी पक्षी बघून खाडी सुधारली असे मानण्याचा मोह होतो. पण धाकटा रोहित शेवाळावर जगतो आणि शेवाळ सांडपाण्यावर फोफावते. त्याची गर्दी हा मासळीच्या प्रकृतीचा दाखला म्हणून दाखवू नये.

राहिला कोळी बांधवांचा आक्षेप, आणि मला तो सगळ्यांत न्याय्य वाटतो. खाडीतल्या माशांना रोग आहे, ही बातमी आली की दुसऱ्या दिवशी बाजारात टोपलीकडे कोणी फिरकणार नाही. व्रणांची साथ आली तेव्हा देशाच्या अनेक भागांत असेच झाले. तो रोग माणसाला होत नसतानाही लोकांनी मासे घेणे सोडले आणि भाव कोसळले. मग ज्याचे पोट त्या टोपलीवर आहे त्याने मेलेला मासा तपासायला स्वतःहून का आणून द्यावा? फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला तेव्हाही राज्यभर चिकन घेणे थांबले होते. फरक इतकाच की मारलेल्या कोंबड्यांची भरपाई सरकारने दिली, आणि पुढे साथ कळवणाऱ्याला निदान सगळे बुडणार नाही एवढा दिलासा राहिला. खाडीत मासे मेले तर कोळ्याला अशी भरपाई कोणत्या कायद्याने मिळते? ती नसेल तर त्याच्याकडून माहितीची अपेक्षा करणे म्हणजे त्याने स्वतःच्या खर्चाने आपली नोकरी करावी, असे म्हणणे झाले. म्हणून मासेमृत्यूची खबर देणाऱ्या कोळीवाड्याला त्या काळापुरती नुकसानभरपाई, आणि मासा खाण्याजोगा आहे की नाही याचे स्पष्ट, सही-शिक्क्याचे उत्तर काही दिवसांत, या दोन गोष्टी तपासणीच्या आधी ठरायला हव्यात. नाहीतर तपासणी कागदावर राहील आणि मेलेले मासे भरतीबरोबर जातच राहतील.

यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून मुंबईत, वर्सोव्यात आहे. जलचरांच्या रोगांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, फक्त त्याचा मुख्य भर शेतीतल्या माशांवर आणि कोळंबीवर राहिला आहे. त्याला खाडीचे एक टोक जोडून द्यायचे आहे. कोळीवाड्यांच्या सोसायट्यांत बर्फाची पेटी, फॉर्मॅलिनच्या बाटल्या, खबर द्यायला एक क्रमांक, आणि जून ते ऑगस्ट या काळात नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत नेणारे वाहन, एवढी ती तयारी आहे. तिच्यात एक अडचण मात्र अशी आहे जी कोणत्याही कचेरीला सोडवता येणार नाही. आपल्या उकाड्यात मेलेला मासा दोन-तीन तासांत सडू लागतो, आणि मग त्याला मारणारा जंतू कोणता आणि सडवणारा कोणता हे वेगळे काढता येत नाही. प्रयोगशाळेला हवा असतो तो मरू घातलेला मासा: पृष्ठभागाशी येऊन तोंड वासणारा, एका कुशीवर कलून गोल फिरणारा, हाताने सहज धरता येणारा. तो मासा सकाळी अकराला पाहणीसाठी येणाऱ्या पथकाला दिसत नाही. पहाटे ओहोटीच्या पाण्यात होडी घालणाऱ्याला तो दिसतो, आणि आज तो त्याला बाजूला सारून पुढे जातो, कारण असा मासा विकत नाहीत आणि त्याच्याविषयी आजवर त्याला कोणी काही विचारलेले नाही.